दर्शन परके असते काय?

यहुदी आणि आद्य ख्रिस्ती धर्मग्रंथांतील ईश्वरदर्शनाच्या कथा मराठी साहित्यमंडळाच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतात काय, असा प्रश्न आपल्या परिवारात अधूनमधून निघतो आणि बहुधा दोन वाक्यांत निकालात काढला जातो. पहिले वाक्य असे की, हा विषय आपला नव्हे. ज्यांचा आहे त्यांनी तो पाहावा. दुसरे वाक्य अधिक गोड असते. शेवटी सर्व धर्म एकच सांगतात, मोशेचे जळते झुडूप काय आणि अर्जुनाला दिसलेले विश्वरूप काय, तत्त्व तेच. मग निराळे वाचायचे कशाला? पहिल्या वाक्यात दुरावा आहे, दुसऱ्यात औदार्य आहे; परंतु दोहोंचा परिणाम सारखाच होतो. पुस्तक मिटलेले राहते. आमचा वाद या दोन्ही वाक्यांशी आहे, आणि खरे सांगायचे तर दुसऱ्याशी अधिक.

प्रथम पहिला आक्षेप घेऊ. या कथा आपल्या नव्हेत, असे म्हणणाऱ्यांनी एक साल ध्यानात ठेवावे: १६१६. त्या वर्षी गोव्यातील साष्टी प्रांतात, रायतूर येथे, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. हे गृहस्थ जन्माने इंग्रज; जन्म १५४९ चा, गोव्यात आगमन १५७९ मध्ये, मृत्यू १६१९ मध्ये. त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांत जुन्या आणि नव्या करारातील कथा मराठीत सांगितल्या. ग्रंथाचे दोन भाग. त्यांची नावे ‘पैलें पुराण’ आणि ‘दुसरें पुराण’. अध्यायाला शब्द ‘अवस्वरु’. देवनागरीचे खिळे उपलब्ध नसल्यामुळे तो रोमन लिपीत छापावा लागला. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत पुण्याहून तो पुन्हा वाचकांपुढे आणला. अब्राहाम, मोशे, एलीया हे तुकोबांच्या बालपणातच मराठी ओवीत येऊन बसले होते. ज्या पाहुण्याला घरात येऊन चारशे वर्षे होऊन गेली, त्याला पाहुणा म्हणावे की घरचा, याचा निर्णय सुज्ञ वाचकांनी करावा.

यावर जे उत्तर येते ते आम्ही टाळणार नाही. हे पुराण कोणत्या हवेत जन्मले? साष्टीतील देवळे १५६७ च्या सुमारास पाडली गेली होती. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायपीठ बसले होते आणि ते, मधला अल्प खंड वगळता, १८१२ पर्यंत चालले. कुंकळ्ळीला १५८३ साली पाच पाद्री मारले गेले आणि त्यापाठोपाठ तेथील गावप्रमुखांना सूडाने ठार करण्यात आले. लोकांच्या हातातील जुनी पुराणे काढून घेतली होती. ‘क्रिस्तपुराणा’तच एक श्रोता विचारतो की, ती पोथी बंद केली तर वाचायला दुसरी का देत नाही, आणि त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हे पुराण उभे राहते. हे सारे खरे आहे आणि ते विसरावे असे आम्ही कदापि म्हणणार नाही. पण त्यातून निष्कर्ष कोणता काढायचा? सत्तेने पोथ्या काढून घेतल्या हा अन्याय होता, म्हणून आपणही एक पोथी बंद ठेवावी, हे त्या अन्यायाचे परिमार्जन नव्हे. तो त्याचाच धडा गिरवणे होय. शिवाय ज्या राजवटीच्या छत्राखाली हे पुराण लिहिले गेले, त्याच राजवटीने १६८४ साली लोकभाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. मराठीची थोरवी गाणारे ते पुराण आणि लोकांची वाणी बंद करू पाहणारे ते फर्मान, या दोहोंपैकी आपण कोणाच्या बाजूचे आहोत?

आणि सक्तीचा आक्षेप जेथे लावताच येत नाही, अशीही एक परंपरा मराठीत आहे. कोकणातील बेने इस्राएल हे यहुदी लोक. नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून त्यांचे पूर्वज आले, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. ते तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावे गावांवरून पडलेली, भाषा मराठी. त्यांची श्रद्धा अशी की, अग्निरथातून स्वर्गास गेलेला संदेष्टा एलीया, म्हणजे त्यांचा एलियाहू हन्नाबी, अलिबागजवळच्या खंडाळे गावी प्रकट झाला आणि तेथूनच वर गेला. खडकावरील खुणा त्याच्या रथाच्या चाकांच्या मानल्या जातात. नवस फिटला, मंगलकार्य ठरले, की गोड पोहे, खोबरे आणि फळे यांचा मलिदा करून त्याची आठवण करायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजाने आपल्या पूर्वजांच्या कथांवर मराठीत कीर्तने केली. १९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुतेक इस्राएलला गेले. मलिदा सोबत गेला, आणि मराठीही गेली. पुरातन यहुदी ग्रंथातले एक ईश्वरी प्रकटन पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील खडकावर उतरले आहे. त्याला परके म्हणायला फार मोठे धाडस हवे!

पुढची उदाहरणे तर सर्वांच्या परिचयाची आहेत. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावी बसून मूळ ग्रंथ सोप्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी खर्ची घातली. त्या १९२२ साली निवर्तल्या. संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ‘स्मृतिचित्रे’ आपण घरोघरी वाचतो, त्यातल्या लक्ष्मीबाईंना आपल्या मानतो. मात्र त्यांनी ज्या काव्यासाठी हात झिजवले त्याचा विषय निघाला की तो परका! ही कसली वाचनाची रीत?

आमच्या वाचकांना येथे आणखी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आपण महाराष्ट्रात राहणारे मराठी नव्हे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी आपला तळ येथे दिला, त्या लष्कराबरोबर शिलेदार, कारकून, भिक्षुक, वैद्य असे आपले पूर्वज आले. आपल्या वस्तीच्या नावातच शिंदे हे मराठी आडनाव आहे, ‘की’ हा हिंदी प्रत्यय आहे, आणि आपली ‘छावणी’ येथे ‘छावनी’ झाली आहे. येथील धनी बीडच्या मन्सूरशहांना गुरुस्थानी मानीत आले. पुण्यामुंबईकडच्या कोणी आपल्या बोलीला ‘हिंदी वळणाची’ म्हटले की आपल्याला राग येतो आणि तो रास्त आहे. परंतु मराठीपणाचे कुंपण अरुंद करण्याचा खेळ सुरू झाला, तर त्यात पहिले बाहेर पडणारे आपणच असू. साष्टीच्या ख्रिस्ती श्रोत्याला आणि अलिबागच्या शनवार तेल्याला जो मराठीबाहेर काढील, तो लष्करच्या मराठी माणसाला किती दिवस आत ठेवील?

आता दुसऱ्या आक्षेपाकडे वळू. तो आक्षेप नसून आलिंगन आहे, असे कोणी म्हणेल. पण ज्या आलिंगनात समोरच्याचा चेहरा दिसत नाही, त्याचा उपयोग काय? ‘सर्व एकच’ म्हणणाऱ्यांनी त्या कथा निदान एकदा जशा आहेत तशा वाचाव्यात.

उत्पत्तीच्या पुस्तकात भर दुपारी अब्राहाम आपल्या तंबूच्या दारात बसला आहे. तीन अनोळखी पुरुष समोर उभे दिसतात. तो धावतो, पाय धुवायला पाणी देतो, भाकरी आणि वासराचे मांस वाढतो. पाहुणे देवाकडचे आहेत हे हळूहळू उमगते. मग तो म्हातारा देवाशी चक्क घासाघीस करतो: सदोम नगरीत पन्नास सज्जन निघाले तर ती वाचवशील काय? पंचेचाळीस? चाळीस? असे करीत तो दहावर येतो. याकोबाची गत निराळी. यब्बोकच्या उताराशी रात्रभर एक अनामिक पुरुष त्याच्याशी झुंजतो. पहाटे याकोबाला आशीर्वाद मिळतो, नवे नाव मिळते आणि जन्माचे लंगडणे मिळते. निर्गमाच्या पुस्तकात मोशे सासऱ्याची मेंढरे चारीत असता जळूनही न जळणारे झुडूप पाहतो. तेथून वाणी येते ती स्वतःच्या वैभवाचे वर्णन करून थांबत नाही; माझ्या लोकांचे हाल मी पाहिले आहेत, आता तू जा आणि त्यांना मिसरच्या दास्यातून बाहेर काढ, असे सांगते. मोशे सबबी सांगतो, जीभ जड असल्याचे कारण पुढे करतो. पण सुटका होत नाही.

एलीया होरेब पर्वतावर जीव वाचवून आलेला. प्रचंड वारा सुटतो, त्यात देव नाही. भूकंप होतो, त्यात नाही. अग्नी येतो, त्यातही नाही. त्यानंतर एक अगदी मंद स्वर येतो. आणि तो स्वर काय म्हणतो? तू येथे काय करतो आहेस, असे विचारतो आणि त्याला परत कामावर पाठवतो. यहेज्केलाचा प्रसंग तर आपल्यासारख्या देशांतर केलेल्यांनी विशेष वाचण्याजोगा. इ. स. पूर्व ५९७ मध्ये यरुशलेमहून जे लोक बाबेलला पकडून नेले, त्यांत तो होता. इ. स. पूर्व ५९३ च्या सुमारास, खबार नदीच्या काठी, त्याला दर्शन घडते. देवाचे सिंहासन त्याला दिसते आणि त्या सिंहासनाखाली चाके असतात. चारी दिशांना जाणारी चाके. देव यरुशलेमच्या मंदिरातच राहतो असे मानणाऱ्या माणसाला हे दर्शन परमुलखात घडले, यातच त्याचा अर्थ आहे. पुढे यहुदी आचार्यांनी म्हटले की, लोक जेथे जेथे हद्दपार झाले तेथे तेथे देवाचे सान्निध्य, त्यांच्या शब्दात ‘शेखिना’, त्यांच्याबरोबर गेले. आपले पूर्वज येथे बंदिवान म्हणून आले नव्हते, फौजेबरोबर आले होते. हा भेद आम्ही पुसत नाही. तरी ज्यांनी आपले कुलदैवत उराशी धरून नर्मदा ओलांडली, त्यांच्या वंशजांना त्या चाकांचा अर्थ कळू नये हे नवल आहे.

या सर्व कथांत एक धागा आम्हाला स्पष्ट दिसतो. रूप जवळजवळ नेहमी झाकलेले आहे. मोशेने तेज दाखव अशी विनवणी केली, तेव्हा मुख दिसणार नाही असे उत्तर आले. खडकाच्या कपारीतून त्याला केवळ पाठमोरे दर्शन झाले. अनुवादाच्या पुस्तकात लोकांना बजावले आहे की, तुम्ही वाणी ऐकलीत, आकार कोणताही पाहिला नाहीत. रूप झाकलेले, पण आज्ञा उघडी. जा, सोडव, सांग, परत फिर. आम्ही उभी हयात शासकीय कागदांत काढली आहे. हाती आदेश आला की त्यावरच्या मोहोरेकडे टक लावून कोणी बसत नाही. खाली काय करावयास सांगितले आहे ते वाचतो. या ग्रंथांतील दर्शने त्याच रीतीने वाचावी लागतात.

आता आपल्याकडे पाहू. अर्जुन रूप पाहण्याची इच्छा करतो आणि त्याला ते पाहण्यासाठी दिव्य दृष्टी दिली जाते. मोशेला जे नाकारले ते अर्जुनाला मिळते. त्यानंतर अर्जुनालाही कर्तव्य चुकत नाही, हे आम्हास मान्य आहे. पण मराठी संतकथांचा खरा जीव याहूनही वेगळा आहे. जनाबाईबरोबर विठोबा जाते ओढतो. नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन तो पाणी भरतो. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारे लुटवली, तर तोच विठू महार होऊन बेदरच्या दरबारी रक्कम भरून येतो. आमचा देव भक्ताचे काम करायला येतो. त्यांचा देव भक्ताला काम सांगायला येतो. हा भेद लहान नाही. एकात देवाची जवळीक कळते, दुसऱ्यात माणसाची जबाबदारी कळते. ‘सर्व एकच’ या वाक्याने दोन्ही एका झटक्यात पुसली जातात.

भेद मांडला म्हणजे नाते तुटते, अशी भीती पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. हा भेद ध्यानात ठेवून नव्या कराराकडे वळले, म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानातील शेवटचा प्रसंग डोळ्यांत भरतो. येशूच्या मृत्यूनंतर त्याचे शिष्य पुन्हा मासेमारीला गेले आहेत. रात्रभर जाळ्यात काही लागत नाही. पहाटे किनाऱ्यावर कोणी उभा दिसतो. त्यांना तो ओळखू येत नाही. ते काठावर येतात तेव्हा त्याने निखारे पेटवून मासे भाजून ठेवलेले असतात, भाकरीही असते. या, न्याहारी करा, म्हणतो. जाते ओढणाऱ्या विठोबाला ओळखणाऱ्या मराठी वाचकाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. परंतु न्याहारी आटोपताच तो पेत्राला तीनदा विचारतो, तुझे माझ्यावर प्रेम आहे काय, आणि तीनदा सांगतो की माझी मेंढरे सांभाळ. येथे दोन्ही आहे: देव रांधतोही आणि कामही सांगतो. भेद पाहिला नसता तर हा मेळ दिसला असता काय?

दुसरा एक प्रसंग मार्काच्या शुभवर्तमानातला. डोंगरावर येशूचे रूप पालटून उजळते; मोशे आणि एलीया त्याच्याशी बोलताना दिसतात. म्हणजे आपल्या खंडाळ्याच्या यहुद्यांचा एलीया येथेही आहे. पेत्र गांगरून म्हणतो की, येथे तीन मंडप बांधू. मंडपाची सूचना तशीच विरून जाते. याचे ऐका, अशी वाणी मेघातून येते, दर्शन मावळते, आणि डोंगर उतरताच खाली एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन उभा असतो. दर्शनाचा मंडप बांधण्याची हौस दोन हजार वर्षांपूर्वीही होती. आज तर ती सर्व धर्मांत उतू चालली आहे. विशेष दर्शनाची विशेष रांग, विशेष पावती, आणि हातातल्या फोनवर काढलेले छायाचित्र! डोंगराखाली कोण उभा आहे, हे पाहायला कोणाला सवड नाही. या कथा आम्हाला वाचाव्याशा वाटतात त्या यासाठीही.

शिवाय ज्यांची ही दर्शने, त्यांच्यात तरी एकमत होते काय? अरामी भाषांतरकारांना देव ‘दिसला’ म्हणणे जड गेले, म्हणून त्यांनी ठिकठिकाणी देवाचे तेज प्रकट झाले, अशी भाषा योजली. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन नावाच्या ख्रिस्ती तत्त्ववेत्त्याने ट्रायफो या यहुदी पंडिताशी झालेला संवाद लिहिला. अब्राहामाच्या दारी आलेल्या तिघांपैकी एक देवच होता, तो शब्दरूप ख्रिस्त, असे जस्टिन म्हणतो. तिघेही दूतच होते, अशी ट्रायफोची बाजू. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीनने या प्रश्नावर पुन्हा विचार केला आणि अशी प्रकटने दूतांच्या, सृष्ट वस्तूंच्या द्वारा घडली, अशा मताकडे तो झुकला. एका दुपारच्या पाहुणचारावर तीन बुद्धिमान परंपरांनी शतकानुशतके वाद घातला. आणि आपण चहाचा पेला खाली ठेवण्यापूर्वी ‘सगळे एकच’ म्हणून मोकळे होतो! याला औदार्य म्हणत नाहीत. हा आळस आहे, आणि त्याने औदार्याची शाल पांघरली आहे.

कोणी म्हणेल, अशा वाचनाने धर्मांतराला वाट मिळते. ज्याची श्रद्धा दुसऱ्याची कथा वाचून ढासळते, त्याने दोष कथेला देऊ नये. टिळक तुकोबांच्या मार्गाने ख्रिस्ताकडे गेले असे स्वतः सांगत. म्हणून कोणी तुकोबांची गाथा बंद ठेवा असे म्हणाले नाही. एका धर्माची कथा दुसऱ्या धर्माच्या माणसाने भाषेच्या प्रेमाने वाचावी, तिच्याशी वाद घालावा, आपले ते जपून ठेवावे. साहित्यमंडळ याचसाठी असते. उपासना घरी, मंदिरी होते. मंडळात वाचन होते.

म्हणून आमची मागणी साधी आणि नेमकी आहे. मंडळाच्या येत्या वर्षात तीन बैठका या विषयाला द्याव्यात. पहिलीत ‘क्रिस्तपुराणा’तील मोशेचा भाग, दुसरीत रमाबाईंच्या भाषांतरातील यहेज्केलाचे दर्शन, तिसरीत योहानाच्या शुभवर्तमानातील किनाऱ्यावरची न्याहारी आणि तिच्या जोडीला जनाबाईच्या जात्याची कथा. वाचन मराठीतून, पोथी समोर ठेवून. आणि घरातील नातवंडांपैकी एकाने तरी प्रत्येक वेळी मोठ्याने वाचावे. त्यांना देवनागरी येते, पण ते मराठी वाचत नाहीत, ही तक्रार आपण सारेच करतो. त्यांच्यापुढे केवळ आपल्या पिढीच्या ओळखीचे तेच ते ठेवले, तर मराठी ही आजोबांची भाषा आहे एवढेच ते शिकतील. या भाषेत यरुशलेमचे बंदिवान बोलले आहेत, कोकणातील तेली गायले आहेत, इंग्रज पाद्र्याने अकरा हजार ओव्या रचल्या आहेत, हे त्यांच्या कानी पडू द्या. ज्यांना हा विषय परका वाटतो, त्यांनीही अवश्य यावे आणि आपला विरोध पोथीतील ओळीवर बोट ठेवून मांडावा. तसा विरोध आम्ही आदराने ऐकू. न वाचता केलेला विरोध आणि न वाचता दिलेली संमती, या दोन्हींना मात्र आमच्या लेखी सारखेच मोल आहे.